दुमजली कंदील

चित्र काढणारा माणूस नेमका कुठे पाहत होता, हे पाचशे वर्षांनंतरही सांगता येईल, असं इर्शाद मुकादम मला पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याला चहा पाजला आणि अर्जाचा कागद हातात देऊन परत पाठवलं. जुन्या चित्रांच्या जतनासाठी असलेल्या आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत वर्षाला अशी चार माणसं येतात. इर्शाद मात्र तो अर्ज भरून दुसऱ्या दिवशी साडेनऊला पुन्हा दारात उभा होता. ही २०३७ची गोष्ट. २०४१च्या सप्टेंबरात, एका सोमवारी, लिस्बनहून आलेली लाकडी पेटी आम्ही दोघांनी मिळून उघडली, तेव्हा त्याच्या यंत्राचं नाव जगातल्या मोठ्या संग्रहालयांना माहीत झालं होतं आणि तो मला ताई म्हणत होता.

बाबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

यंत्राचं नाव नजरमापक. जुन्या काळची शाई लोखंडाची असे. युरोपात ओकच्या झाडावरच्या गाठी आणि हिराकस, आपल्याकडे हिरडा आणि हिराकस. दोन्हींत काळा रंग येतो तो लोहामुळे. टाक कागदावर जितका जास्त रेंगाळेल तितकं लोह त्या जागी जास्त मुरतं. नजरमापक क्ष-किरणांचा केसाहून बारीक झोत रेषेवरून फिरवतो आणि प्रत्येक बिंदूवरचं लोह मोजतो. त्यावरून हाताचा वेग कळतो. हात कुठे धावला, कुठे अडखळला, कुठे थांबून पुन्हा सुरू झाला.

खरी गंमत त्यापुढे आहे. समोरची वस्तू पाहून चित्र काढणारा माणूस सारखी मान वर करतो. भरीव, खोली असलेल्या वस्तूवरून नजर सपाट कागदावर परत येते तेव्हा डोळ्याला सावरायला क्षणभर लागतो आणि तेवढा क्षण टाक थबकतो. हे थांबे लहानमोठे, वेडेवाकडे असतात. आठवून काढणारा सुरुवातीलाच एकदा थांबतो आणि मग त्याची रेष वाहत जाते. दुसऱ्या चित्रावरून उतरवून घेणाऱ्याची नजर मात्र एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जाते. सावरावं लागत नाही, त्यामुळे त्याचे थांबे आखूड आणि सारखे, शिवणाच्या टाक्यांसारखे पडतात. इर्शादने चार हजार माणसांना नजर टिपणारे चष्मे घालून चित्रं काढायला बसवलं होतं आणि हे फरक यंत्राला शिकवले होते. पडद्यावर पाहून काढलेली रेष हिरवी दिसे, आठवून काढलेली पिवळी, उतरवलेली निळी.

पेटीतलं चित्र दीड वीत रुंद होतं. मात्तेओ बोनाकोर्सी नावाचा फ्लॉरेन्सचा चित्रकार पोर्तुगीज जहाजावर बसून कोकणच्या किनाऱ्याला आला होता. त्याने १५४६ साली तपकिरी शाईत काढलेलं खाडीच्या मुखाचं दृश्य. डावीकडे कड्याची सोंड, समुद्रात दोन खडक, एक जहाज, वर ढग. त्या काळचे बहुतेक चित्रकार पुढच्या कोपऱ्यात गवताचा झुबका काढून जागा भरत. मात्तेओने पानांच्या जोड्या मोजल्या होत्या. देठावरची लव काढली होती.

"मातोबा गवतात फतकल मारून बसलाय, ताई," इर्शाद भिंगातून पाहत म्हणाला. त्याने बोनाकोर्सीचा सोमवारीच मातोबा करून टाकला होता.

लिस्बनच्या संग्रहालयाने चित्रासोबत एक अधिकारी बाई पाठवल्या होत्या. त्या पेटीशेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि जेवायलासुद्धा उठत नव्हत्या. चित्र शनिवारी परत जायचं होतं.

यंत्राला कामाआधी अशी काही चित्रं दाखवावी लागतात, जी पाहूनच काढली आहेत याबद्दल कुणाला शंका नसते. त्यासाठी मी बाबांनी शाईत काढलेले झाडांचे वीस तक्ते आणले. माझ्याकडे त्याहून खात्रीचं काही नव्हतं.

बाबा, म्हणजे प्राध्यापक त्र्यंबक धारप, रत्नागिरीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. हिरड्याची शाई घरी उकळत. त्यापायी स्वयंपाकघरातलं एक पातेलं कायमचं काळं झालं आणि आईने ते कधी माफ केलं नाही. घरात पेन्सिल नव्हती. "पेन्सिलवाला खोडायच्या तयारीनेच बसतो," म्हणायचे. प्रत्येक तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहायचे, 'पाहिले — त्र्यं. धा.' आणि खाली तारीख. 'काढले' असं त्यांनी कधी लिहिलं नाही.

वीसही तक्ते हिरवे आले.

"हा माणूस एकदासुद्धा आळस करत नाही का?" इर्शादने विचारलं.

"झाडांच्या बाबतीत नाही. केस कापायला जायचा मात्र फार कंटाळा."

मंगळवारी अकरा वाजता मात्तेओचं चित्र यंत्राखाली गेलं. जहाज पिवळं आलं; ते तिथे नव्हतंच, त्याने आठवणीने घातलं होतं. ढग पिवळे. कडा हिरवा. दोन्ही खडक हिरवे. खाडी हिरवी. मग झोत पुढच्या कोपऱ्यात उतरला आणि पानांच्या जोड्या एकामागून एक हिरव्या उमटत गेल्या. लिस्बनच्या बाई खुर्चीवरून उठून आमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

वेलीच्या टोकाला करंगळीच्या नखाएवढं एक फूल होतं.

"हे मोठं कर."

"केलंय."

"अजून."

इर्शादने मोठं केलं. मी हात पडद्याला लावला, मग काढून घेतला.

कंदीलपुष्पाच्या बऱ्याच जाती सह्याद्रीत आणि कोकणात सापडतात. खाली फुगीर पोट, वर नळी, आणि नळीच्या टोकाला पाच पाकळ्या एकमेकींना चिकटून पिंजरा करतात; म्हणून कंदील. पडद्यावरच्या फुलात तो पिंजरा टोकाला मिटत होता आणि त्याच्यावर दुसरा, लहान पिंजरा उभा होता. दुमजली.

असं फूल जगात फक्त एका कागदावर होतं. तो कागद माझ्या टेबलामागे फ्रेममध्ये टांगलेला होता. बाबांनी २००९ साली कुडवण्याच्या सड्यावरचं, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळपठारावरचं, हे फूल म्हणून तो तक्ता प्रसिद्ध केला. वाळवलेला नमुना त्यांच्याकडे नव्हता. दर सप्टेंबरात ते त्या कातळावर जात आणि हात हलवत परत येत. अशा रचनेचं फूल असूच शकत नाही, असं चार जाणकारांनी लिहिलं. संमेलनांत लोक विचारत, "धारपसर, तिसरा मजला कधी चढवताय?" बाबाही हसत. घरी आल्यावर बराच वेळ चपला न काढता बसून राहत.

आणि आता मात्तेओ बोनाकोर्सी, गवतात बसून, मान वर करकरून, तेच फूल पाहत होता. मला वाटतं मी त्या दिवशी जेवले नाही. इर्शादने वडापाव आणला होता. तो बहुधा लिस्बनच्या बाईंनी खाल्ला.

मी लगेच पळसुले सरांना फोन लावला. श्रीरंग पळसुले बाबांचे विद्यार्थी. मी फ्रॉकमध्ये असल्यापासून मला ओळखणारे. राज्याच्या वनस्पतींची नवी सूची तेच संपादित करत होते. आधीच्या सूचीत दुमजली कंदील 'शंकास्पद' म्हणून होता. नव्या सूचीत शंकास्पद असा विभागच नव्हता. एक तर ग्राह्य, नाहीतर अग्राह्य. आणि एकदा अग्राह्य ठरलेल्या नावाकडे पुढे कुणी वळून बघत नाही. सूची शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होती.

"पंधराशे सेहेचाळीस?" ते म्हणाले. "शाल्मली, तू बसून बोलते आहेस ना?"

"उभी आहे, सर."

"मग बस. मी उद्या पोचतो."

बुधवारी ते कोल्हापूरहून आले. पडद्यासमोर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पाहून काढलंय. यात वादच नाही," ते म्हणाले. "आता सरांचा तक्ता लाव."

"तो कशाला?"

"दोन साक्षीदार आहेत. एकाची उलटतपासणी झाली. दुसऱ्याची नको?"

मीच फ्रेम उतरवली. मीच तक्ता बाहेर काढला, काचेवरचं बुरशीचं वर्तुळ पुसलं. मला आनंदच होत होता. बाबांचं म्हणणं आता यंत्र सांगणार होतं. वीस मिनिटांनी पडद्यावर दुमजली कंदील उमटला. देठापासून टोकापर्यंत निळा.

शिवणाच्या टाक्यांसारखे थांबे. आखूड, सारखे.

 मग लिस्बनच्या बाईंनी हलक्या आवाजात सांगितलं की मात्तेओचं हे चित्र १९७४ साली एका प्रदर्शनाच्या पुस्तकात पूर्ण पानभर छापलं होतं.

"सरांचं वाचन अफाट होतं," पळसुले सर म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय वगैरे काही नव्हतं. "कुठेतरी ते पान पाहिलं असेल. त्याच सड्यावर आपणही कधीतरी हे फूल पाहिलंय असं वाटलं असेल. माणसाचं होतं असं."

"बाबांचं नाही होत."

इर्शाद माझ्याजवळ सरकला. "ताई, फ्रेमच्या आत ओल होती. कागद फुगलाय. मी नोंद 'अनिर्णित' अशी करू शकतो. ते खोटं ठरणार नाही."

"खरंही ठरणार नाही. निळी लिही."

त्याने लिहिली. मी खाली सही केली. प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून ती माझीच सही लागत होती.

पळसुले सर निघताना दारात थांबले. "मी एस.वाय.ला होतो तेव्हा सरांनी माझं जर्नल खिडकीतून बाहेर फेकलं होतं. माहीत आहे तुला?"

"नाही."

"देठाचा छेद सूक्ष्मदर्शकातून पाहून काढायचा होता. मी सीनियरच्या जर्नलवरून उतरवला. त्याने त्याच्या सीनियरच्या. मूळ कुणीतरी काचेखालचा हवेचा बुडबुडा पेशी समजून काढला होता. सहा वर्षं सगळ्या वर्गाच्या जर्नलांत तो बुडबुडा! सर म्हणाले, पळसुले, नक्कल करणाऱ्याला बुडबुडा गाळता येत नाही, कारण तो काय आहे हेच त्याला माहीत नसतं." ते किंचित हसले. "तेव्हापासून मी कुठलंही चित्र हातात घेतलं की आधी बुडबुडा शोधतो. शुक्रवारी पाचपर्यंत काही मिळालं तर फोन कर. तुला वाटतंय त्यापेक्षा मला ते जास्त हवं आहे."

ते गेल्यावर मी दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली आणि बसून राहिले. रडायला येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. डोळे नुसतेच एका पानावरून दुसऱ्या पानावर जात राहिले. आणि मग बाबांच्या तक्त्यात, तिसऱ्या डाव्या पानाच्या कडेला, मला एक ठिपका दिसला. गोल, नीट भरलेला, काळजीने काढलेला. ती ग्रंथी असेल तर दुसऱ्या पानांवरही हवी होती. तशी ती नव्हती.

मात्तेओच्या चित्रात हा ठिपका नव्हता.

"इर्शाद," मी म्हटलं, "हा बुडबुडा आहे."

"कसला?"

"बाबांनी नक्कल केलीय. पण मातोबाची नाही. मातोबाकडे बुडबुडा नाही. त्यांच्यासमोर तिसरंच चित्र होतं, आणि त्याच्यावर हा ठिपका होता."

इर्शादने खुर्ची फिरवली. "तिसरं कुणी काढलं?"

गुरुवारी सकाळी सहाला मी गाडीला रत्नागिरी सांगितली आणि मागे टेकून बसले. गाडी आपल्या आपण घाट उतरली. मी फक्त ठिपक्याचा विचार करत होते.

आई मागच्या पडवीत अळूची देठं सोलत होती. मी सगळं सांगेपर्यंत तिने सुरी खाली ठेवली नाही.

"आई, बाबांनी दुमजली कशावरून काढला?"

"अगं, तुझ्यावरूनच," ती म्हणाली.

मला समजायला वेळ लागला.

"तू नऊ वर्षांची होतीस. त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबर तुलाही सड्यावर नेलं होतं. धुकं उतरलं आणि तू चुकलीस. दोन तास सगळे हाका मारत होते. आलीस ती गुडघे सोलवटून, ओलीचिंब, आणि वहीत हे फूल काढून. त्यांनी विचारलं, कुठे पाहिलंस? तुला दाखवता येईना. घरी आलीस ती तापाने फणफणलेली. पंधरा दिवस. उठलीस तेव्हा तुला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. त्यांनी तोवर वहीवरून तक्ता काढला होता. तो तू पाहिलास आणि म्हणालीस, बाबा, हे किती छान काढलंय तुम्ही."

मला ते वाक्य आठवत होतं. त्याच्या आधीचं काहीच नाही.

"मग त्यांनी सांगितलं का नाही? तीस वर्षं लोक त्यांना..."

"सांगितलं असतं तर लोकांनी तुला खोटं ठरवलं असतं. नऊ वर्षांची पोर! म्हणाले, मला ठरवू देत, माझी पाठ रुंद आहे." आईने एक देठ उचललं, पुन्हा ठेवलं. "तू मोठी झाल्यावर मी म्हटलं, आता सांगा तिला. तर म्हणाले, सांगितलं की ती आठवायला बसेल आणि नसलेलंही आठवेल. तिला आठवायला लावायचं नाही. एक दिवस नेऊन दाखवायचं."

दर सप्टेंबरात बाबा फोनवर विचारायचे, "सड्यावर येतेस?" मला दर सप्टेंबरात काम असायचं.

वही कपाटात, वाळवलेल्या नमुन्यांच्या चळतीत होती. दोन टीपकागदांमध्ये, एखाद्या पानाफुलासारखी जपून ठेवलेली. वर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी: ठिकाण कुडवण्याचा सडा, तारीख, संग्राहक शाल्मली धारप. आत चौकटीच्या कागदावर वाकड्यातिकड्या रेषांची एक वेल, टोकाला दुमजली कंदील, मागे समुद्रात दोन खडक. तिसऱ्या डाव्या पानाच्या कडेला टाकातून गळलेला शाईचा थेंब. बाबांना तो थेंब आहे की ग्रंथी हे ठरवता आलं नव्हतं, कारण त्यांनी फूल पाहिलंच नव्हतं. म्हणून त्यांनी तो गाळला नाही.

खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'पाहिले — शा. धा.'

मी फोनवर तक्त्याचा फोटो उघडला. कित्येक वर्षं तो माझ्या पाठीमागे होता आणि मी कोपरा कधी नीट वाचला नव्हता. तिथे फक्त 'पाहिले' होतं. पुढे त्र्यं. धा. नव्हतं.

चिठ्ठीच्या मागे एक यादी होती. '२०१०: नाही. २०११: नाही. २०१२: नाही.' कधी गडद शाईत, कधी फिकट. शेवटची ओळ थरथरत्या हाताची, '२०४०: नाही. गुडघ्यामुळे वरूनच.'

"अळूचं फदफदं खाऊन जा," आई म्हणाली. मी खाल्लं.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता वही नजरमापकाखाली होती. घरात शाई एकच होती, त्यामुळे माझ्या वहीतही लोह होतं. पहिली रेष उमटेपर्यंत इर्शाद तीनदा पाणी प्यायला. मग पडद्यावर ती वेडीवाकडी वेल चढत गेली. हिरवी. देठ हिरवं, पानं हिरवी, खालचा पिंजरा हिरवा, वरचा पिंजरा हिरवा, आणि त्यावर इतके थांबे की यंत्राने तिथे आपणहून खूण केली. त्या मुलीने वरचा मजला काढताना अकरा वेळा मान वर केली होती. तिलाही पटत नव्हतं.

इर्शाद टाळ्या वाजवत खोलीभर फिरला. लिस्बनच्या बाईंना त्याने मराठीतच सगळी हकीकत सांगितली आणि त्यांना ती कळली असावी, कारण त्यांनी माझा हात हातात घेतला.

तीनला पळसुले सरांना कळवलं.  "अग्राह्यातून काढतो," ते म्हणाले. "पण ग्राह्यात घालायला झाड लागेल. माझ्या हातात काय आहे? एक फ्लॉरेन्सचा मेलेला माणूस आणि एक नऊ वर्षांची मुलगी. छपाईला जायला आठवडा आहे. तेवढा मी ओढतो."

"झाड कुठे असेल ते कळेल बहुतेक," इर्शाद मागून म्हणाला.

तो ते दोन खडक पाहत होता. तो तिथल्याच खाडीकाठचा. "हे सासू-सून आहेत. आमच्या वाडीतून दिसतात. सून लहान, सासू मोठी. बघा, ताई, दोन्ही चित्रांत सून अर्धी सासूच्या मागे आहे. असं एकाच रेषेवरून दिसतं."

"ही रेषा बाबांनाही माहीत असणार. ते त्याच पट्ट्यावर फिरत होते."

"पण किती उंचीवर? तुमच्या वहीत धुकं आहे, समुद्राची कड नाही. मातोबाने क्षितिज काढलंय, आणि पाहून काढलंय." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीला असतं. सड्यावर उभं राहिलं की सासूचं डोकं क्षितिजाच्या खाली दिसतं. मी लहानपणापासून तसंच बघतोय. मातोबाच्या चित्रात ते क्षितिजाच्या वर गेलंय."

"म्हणजे तो सासूपेक्षा खाली होता."

"सड्यावर नव्हताच तो. कड्याच्या पोटात कुठेतरी बसला होता."

सोलवटलेले गुडघे. धुक्यात घसरत खाली गेलेली मुलगी. बाबा तीस वर्षं तिच्या डोक्यावरून चालत राहिले होते.

रविवारी सकाळी नऊला आम्ही तिघं कुडवण्याच्या सड्यावर होतो. कातळावर इंचभर मातीत जांभळी, पिवळी फुलं दाटली होती. इर्शादने गणिताने काढलेली जागा कड्याच्या काठापासून बारा मीटर खाली होती. करवंदीच्या जाळीतून दोर सोडून उतरलो. पळसुले सर बासष्ट वर्षांचे, पण मध्येच कुणी हात दिला तर रागावत होते. "मी काय सासू आहे का?" ते म्हणाले, आणि पाय घसरल्यावर इर्शादचा खांदा घट्ट धरला.

खाली माजघराएवढी सपाट जागा होती. समोर समुद्र, अर्धी सून, आणि सासूचं डोकं क्षितिजाच्या वर. मात्तेओने जसं काढलं होतं तसंच, जहाज सोडून.

"शाल्मली," पळसुले सर म्हणाले. ते गुडघ्यांवर बसले होते.

चार वेली होत्या. एकीला दोन फुलं होती, दुसरीला एक. खालचा पिंजरा हिरवट, वरचा तांबूस, आणि वाऱ्याने सगळा कंदील हलत होता.  मला काहीही आठवलं नाही, आणि गंमत म्हणजे त्याची गरजही वाटली नाही. ते समोर होतं.

सरांनी पिशवीतून कात्री काढली. मग थांबून माझ्याकडे पाहिलं. "नियम आहे. एक फांदी लागेल."

"घ्या ना. दोन फुलांच्या वेलीची. पण आधी काढा."

मी बाबांचा टाक, हिरड्याच्या शाईची बाटली आणि एक जाड कागद पुढे केला.

"मी?" ते म्हणाले. "मला अजून येत नाही गं."

"येतं तितकं."

ते बसले. इर्शादने त्यांच्यावर सावली धरली. पहिलं पान पाहून काढलं. दुसऱ्या पानाला ते फुलाकडे न पाहता रेष पुढे नेऊ लागले.

"सर, वर पाहा," मी म्हटलं.

त्यांनी दचकून वर पाहिलं. माझ्याकडे नव्हे, माझ्या मागे कुणी उभं असल्यासारखं. मग फुलाकडे पाहिलं. पाऊण तास गेला. शेवटी ते तिसऱ्या डाव्या पानावर वाकले, भिंग लावलं, पान उलटून पाहिलं.

"ठिपका नाही," ते म्हणाले, आणि हसू लागले. इतके की इर्शादला कागद धरावा लागला.

कोपऱ्यात त्यांनी लिहिलं, 'पाहिले — श्री. प.' टाक इर्शादकडे दिला. त्याने 'इ. मु.' लिहिलं. मग मी 'शा. धा.' लिहिलं. बत्तीस वर्षांत माझा 'धा' फारसा सुधारला नव्हता.

पाहणाऱ्यांत आता आम्ही तिघं होतो आणि मात्तेओ. बाबा त्यांत नव्हते. पाहिल्याशिवाय काहीही न मानणाऱ्या त्या माणसाने जन्मात एकच गोष्ट न पाहता मानली होती.

सर फांदी टीपकागदात ठेवत होते. मी वहीवरची चिठ्ठी काढली, उलटी केली, मांडीवर धरली. टाक बुडवला, वर पाहिलं, पुन्हा एकदा वर पाहिलं, आणि बाबांच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं:

'२०४१: आहे.'